लालीबाईचा पिवळा बल्ब

माझं फुलसावंगीला मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात, मी त्यांच्या पोटातली करपलेली तार उपसतो, नवी भरतो आणि परत पाठवतो. पुढच्या उन्हाळ्यात त्यातल्या निम्म्या पुन्हा दारात. लोक म्हणतात, संघदीप, तुझं बरं आहे बाबा. बरं कसलं डोंबलाचं! एकाच माणसाची तीच मोटार तिसऱ्यांदा भरताना माझं डोकं फिरतं आणि मी त्याला चार शब्द सुनावतो. तो मान हलवतो, खर्रा तोंडात टाकतो आणि मोटार घेऊन जातो. पालथ्या घड्यावर पाणी.

लालीबाई पहिल्यांदा आली ती मात्र मोटार घेऊन नाही. होळी होऊन गेली होती, ऊन डोक्यावर आलं होतं आणि साठीची एक बंजारा बाई डोक्यावर गाठोडं घेऊन दुकानाच्या पायरीशी येऊन थांबली. जुन्या बायका घालतात तसा घेरदार फेटिया, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कानशिलांवर नवरा असलेल्या बाईच्या चांदीच्या घुगऱ्या. गाठोडं सोडलं तर आत बूस्टर. पूर्वी टीव्हीला लावायचे तो लोखंडी डबा. त्याचा पुढचा कान पिळत गेलं की कमी आलेलं व्होल्टेज वाढून मिळतं.

"भाऊ, याचा कान शेवटच्या नंबरावर गेला. याच्या पुढचा नंबर बसवून देतं का?"

मला हसू आलं. "याडी, शेवटचा नंबर शेवटचाच असते. टीव्ही पाह्याले इतकं व्होल्टेज कायले लागते तुले?" याडी म्हणजे आई. तांड्यातल्या वयस्क बाईला आम्ही सगळे याडीच म्हणतो.

"टीव्ही कायचा भाऊ. माह्या माणसाचा दम हाय याच्यावर."

हसू तिथंच गिळलं.

तिचा नवरा देवसिंग. तरुणपणी तांड्यात काम नव्हतं म्हणून दोघं राजूरकडे चुनाभट्टीवर गेली आणि वीसेक वर्षं तिथंच राहिली. ती दगड फोडायची, तो भट्टी भरायचा. चुन्यानं घरं पांढरी होतात. माणसाच्या आत काय होतं ते नंतर कळतं. परत येऊन विहीर खोदली, थोडी हळद, थोडा भुईमूग करू लागला आणि दोन वर्षांपूर्वी बांधावर चालता चालता बसला तो पुन्हा धड उभा राहिलाच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं गेली, आता ऑक्सिजनवर ठेवा. मुलगी संगीता मुकुटबनला दिलेली आहे. तिनं एका संस्थेच्या मागे लागून घरी लावायचं ऑक्सिजनचं मशीन मिळवलं. हे मशीन खोलीतली हवा ओढतं आणि त्यातला ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडतं. चालतं विजेवर. वीज गेली तर म्हणून एक सिलिंडर जवळ ठेवलेला.

पण वीज गेल्यानं इतकं बिघडत नव्हतं. बिघडत होतं ते वीज असताना. व्होल्टेज पडलं की मशीन आधी किंचाळतं, मग बंद होतं.

तांड्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर लोक माझ्या दुकानावर येतील, आणि मलाही त्या लोकांचं वाईट बोलायचं नाही. मोठ्या गावात घरांची लाइन वेगळी आणि शेतीची वेगळी असते. या तांड्याला तेवढं नशीब नाही. घरं आणि विहिरीवरच्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे खांबावरच्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर, आणि लालीबाईचं घर तांड्यापासून सुटं, नाल्यापलीकडे, त्यांच्या विहिरीपाशी. तारेचं शेवटचं टोक. डीपीतून निघालेली वीज सगळ्यांच्या दारातून फिरून उरलीसुरली तिच्याकडे यायची.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. कशाला गेलो, विचारू नका. गिऱ्हाईक नव्हतं, आणि त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

घरात देवसिंग भिंतीला तीन उशा लावून बसलेला. आडवं झालं की दम कोंडतो. नाकात नळी, बाजूला मशीन धापा टाकतंय. लालीबाई बूस्टरजवळ बसलेली, एक हात कानावर, नजर वर. वर एक जुना पिवळा बल्ब.

"एलईडी काढून टाकला म्या," ती म्हणाली. "थो लबाड हाय. व्होल्टेज पडो का मरो, तसाच हासत राह्यते. हा खरं सांगते."

तेवढ्यात शिवारात कुठंतरी मोटार सुरू झाली. बल्ब लाल झाला. तिनं बघता बघता कान एक घर पुढं पिळला. बल्ब सावरला. थोड्या वेळानं कुणाची तरी मोटार बंद झाली असावी, बल्ब भगभगला आणि तिनं लगेच कान मागं घेतला, कारण जास्त झालेलंही मशीनला सोसत नाही हे मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं आणि तिनं ते गाठीशी बांधलं होतं. पुढं, मागं, पुढं, मागं. भाकरी थापतानाही बूस्टर चुलीशेजारी. अंघोळीला जायचं तर तांड्याचा प्रमुख, खेमसिंग नायक, त्याची बायको जमनी येऊन बसायची. तिला लालीबाईनं एवढंच शिकवलं होतं की बल्ब मंद झाला की कान पुढं. मंद होणं तर रोजचंच, त्यामुळे दुसरं काही शिकवायची वेळच आली नाही.

एका माणसाचा श्वास दुसरं माणूस हातानं धरून बसलंय, असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला घाबरायला झालं.

बाहेर पडून मी आसपासच्या चार विहिरी बघितल्या आणि माझं डोकं तापलं. प्रत्येक स्टार्टरवर ऑटो बसवलेला. म्हणजे थ्री फेज लाइन आली की मोटार आपोआप सुरू, मालक घरी झोपलेला असला तरी. लाइन आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी डीपीवर तुटून पडणार! आणि कंडेन्सरचा डबा एकाही मोटारीला नाही. पूर्वी होते. पण एकदा उकंडा नावाच्या माणसानं लाइन गेलेली असताना स्टार्टर साफ करायला हात घातला आणि कंडेन्सरनं त्याला विहिरीच्या कठड्यापर्यंत फेकलं. लाइन नसताना करंट मारतो म्हणजे डब्यात काहीतरी बसलेलं आहे, असं ठरलं. कंडेन्सर वीज थोडा वेळ पोटात धरून ठेवतो, हे कुणी सांगितलं नाही. झालं, तांड्यानं सगळे डबे काढले. एका गोठ्यात तर त्यावर कोंबडी बसलेली मी पाहिली.

परत घरात येऊन मी नवरा-बायकोला समजावलं. मी आयटीआयला होतो तेव्हा सरांनी पॉवर फॅक्टर फळ्यावर त्रिकोण काढून शिकवला होता. इथं त्रिकोण काढून उपयोग नव्हता. मी सांगितलं, मोटार दोन तऱ्हेचा करंट ओढते. एक पाणी उपसतो. दुसरा मोटारीच्या पोटात लोहचुंबक तयार करतो. त्याच्याशिवाय मोटार फिरत नाही, पण तो स्वतः पाण्याचा थेंबही वर आणत नाही. तो नुसता डीपीतून येतो आणि परत जातो. मीटर पहिल्याला मोजतं, दुसऱ्याला मोजत नाही. तारेला मात्र दोघंही वाहावे लागतात. या सगळ्या वर्दळीत कामाचा करंट किती, त्याला पॉवर फॅक्टर म्हणायचं. इथल्या मोटारी जुन्या, कितीदा भरलेल्या. शंभरातला साठ कामाचा, बाकी सगळी ये-जा. त्या गर्दीत तार तापते, डीपी तापते आणि शेवटच्या घराला पाणी नसलेल्या नळासारखं होतं. कंडेन्सर मोटारीशेजारी लावला की तो दुसरा करंट जागच्या जागी मिळतो, जागच्या जागी परत जातो. डीपीपर्यंतची खेप वाचते.

देवसिंग डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोपला. मग तुकड्या-तुकड्यानं बोलायला लागला, मध्ये मध्ये दम घेत.

"म्हंजे... लदेणीसारखं." बंजारे पूर्वी बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर न्यायचे, त्याला लदेणी म्हणत. "आजा सांगे... काही बैलावर मीठ... काही बैलावर बैलाइचाच चारा. व्यापारी देते मिठाची मजुरी. चाऱ्याची कोन देते? पन वाट तं... दोघंही अडवते."

"आन मुक्कामावर चारा भेटला तं?" लालीबाईनं विचारलं.

"तं सारेच बैल मिठाचे."

मी मांडीवर थाप मारली. "काका, अगदी हेच! फक्त एक ध्यानात ठेवा. मोटार चालू तं कंडेन्सर चालू, मोटार बंद तं थोही बंद. बैल नाही तिथं चारा कायले?"

"बैल नाही तिथं चाऱ्याचा ढीग लावला..." देवसिंग खोकत हसला, "तं आगच लागते, दुसरं काय."

त्या दिवसापासून लालीबाईनं शिवार पालथं घातलं. जमनीला बूस्टरपाशी बसवायची आणि एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर. बाबा, डबा लाव. बाबा, ऑटो काढ. कुणी म्हणालं, डबा लावला की बिल वाढते. कुणी म्हणालं, उकंड्याचं काय झालतं माहीत नाही का तुले? कुणी म्हणालं, ऑटो काढू आन लाइन आल्यावर मी का लग्नातून पळत येऊ? उकंडा स्वतः तर हात जोडून म्हणाला, "याडी, मले जीव माग, पन थो डबा घराजवळ आनू नोको." खोटं नव्हतं कुणीच बोलत. भुईमुगाला पाणी पाहिजे होतं, हळद वाळत होती. एका म्हाताऱ्याच्या श्वासापायी सगळ्यांनी आपलं पीक कसं थांबवायचं? तरी मला राग येत होता.

मग एका दुपारी थ्री फेज आली आणि सगळे ऑटो एकदम लागले. बल्ब नुसता लाल तारेएवढा उरला. बूस्टरचा कान शेवटपर्यंत गेला, त्याच्या पुढं नंबर नव्हता. मशीन किंचाळून बंद पडलं. लालीबाईनं सिलिंडर उघडला, नळी लावली आणि शिवारात धावली. ज्याची मोटार दिसेल त्याचा स्टार्टर बंद करत सुटली. एका बाईनं तिला ढकललं, एकानं शिव्या दिल्या, ती पडली, उठली आणि पुढच्या विहिरीवर गेली. शेवटी खेमसिंग नायक तिच्या मागं घरापर्यंत आला आणि त्यानं देवसिंगचे निळे ओठ बघितले.

मोटारी बंद झाल्या, मशीन सुरू झालं, देवसिंग वाचला. पण सिलिंडर निम्म्याहून जास्त रिकामा झाला होता.

त्याच संध्याकाळी नायकानं आपल्या दारासमोर तांड्याची बैठक बसवली. मलाही बोलावलं. दुकानात पडून असलेले कंडेन्सर मी पोत्यात घालून नेले. तसेही कुणी घेत नव्हतं. मी बोलायला उठलो तर लालीबाईनंच हात केला आणि लदेणीची गोष्ट तिनंच सांगितली, नवऱ्यानं सांगितली तशी. मीठ, चारा, वाट. म्हातारी माणसं माना डोलवायला लागली. मी दुकानात वर्षानुवर्षं बोंबलून जे झालं नव्हतं ते तिच्या चार वाक्यांत झालं. मग तिनं पदर पसरला.

"माह्या माणसाले आखाड पाह्याचा हाय. एवढा उन्हाळा काढून द्या."

खेमसिंगला भरून आलं. थोराड, मिशाळ माणूस, आवाज असा की बैल बिचकावा. तांड्यातल्या अर्ध्या घरांची वायरिंग त्यानं स्वतः केलेली, कुणाकडून एक पैसा न घेता. त्यानं उठून सांगितलं, ऑटो उद्यापासून बंद. डबे सगळे घेतील. ज्याला भीती वाटते त्यानं माझ्याकडे यावं. मी म्हणालो, उद्या दुपारी येतो आणि एकेका मोटारीवर बसवून देतो, तोवर कुणी तारेला हात लावू नका. सगळे हो म्हणाले.

सकाळी लालीबाई भाड्याच्या ऑटोरिक्षानं सिलिंडर भरायला उमरखेडला गेली. फोन तिनं देवसिंगच्या उशाशी ठेवला, त्याला काही सांगायचं झालं तर जमनीनं लावून द्यावा म्हणून. कुणाला लावणार, फोन तर घरीच, हे निघायच्या घाईत तिच्या ध्यानात आलं नाही. परत येताना तिनं मला दुकानातून घेतलं. मी पकड, टेस्टर, तारेचं वेटोळं घेऊन मागं बसलो, सिलिंडर आमच्या दोघांच्या पायांमध्ये.

त्या रस्त्यावर ती जितकी बोलली तितकी कधी बोलली नव्हती. देवसिंगला तिळाची चटणी आवडते, पण जेवताना दम लागतो म्हणून त्यानं दोन वर्षांत नीट खाल्लं नाही. व्होल्टेज थांबलं की ती बूस्टर सोडून त्याच्यासमोर बसणार आणि घास घास भरवणार. "किती दिसापासून त्याच्या तोंडाकडं नीट पाह्यलंच नाही भाऊ. बल्बाकडंच पाह्यते." मी तिची चेष्टा केली, म्हटलं याडी, एवढ्या वर्षांनी आता काय पाहायचं राहिलं? ती लाजली. खरंच लाजली.

नाल्याच्या अलीकडे तिनं कान दिला. "मोटारी कोनाच्याच चालून नाही राह्यल्या. लाइन गेली वाटते."

लाइन गेली नव्हती.

अंगणात अख्खा तांडा उभा होता. लालीबाई रिक्षा थांबायच्या आत उतरली. मी आणि रिक्षावाल्यानं सिलिंडर उचलून आत नेला. खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास होता. मशीनच्या जाळीतून काळं ओघळलं होतं. वर बल्बाच्या जागी नुसती पितळी टोपी, काच जमिनीवर. देवसिंग उशांना टेकूनच बसला होता. जमनी त्याला सुपानं वारा घालत होती, आणि आम्ही आलो तरी घालतच राहिली.

लालीबाईनं नळी लावली, सिलिंडरची चावी पूर्ण उघडली आणि नवऱ्याची हनुवटी हातात धरून बसली. सिलिंडर सूं करत राहिला. तो गेला आहे हे खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं, पण ती चावी बंद करायची कुणाची छाती होईना. माझीही झाली नाही. कितीतरी वेळानं तिनं स्वतःच हात मागं नेला आणि ती बंद केली.

मी बाहेर आलो. घराच्या मागच्या भिंतीवर त्यांच्याच मोटारीची स्टार्टरची पेटी आहे, आणि घराची लाइनही तिथूनच घेतलेली. त्या पेटीभोवती मी नेलेले सगळे कंडेन्सर आणि गोठ्यातून काढून पुसलेले जुनेही, ओळीनं ठोकलेले. प्रत्येकाला हळदकुंकू लावलेलं. सगळ्यांच्या तारा एकत्र पिळून थेट मेन लाइनला जोडलेल्या, कायमच्या चालू राहतील अशा.

काय झालं ते मला एका नजरेत कळलं. खेमसिंगनं रात्रभर विचार केला असणार. कंडेन्सरनं व्होल्टेज वाढतं ना? मग व्होल्टेज कुठं पाहिजे? लालीबाईच्या घरी. मग ते विहिरी-विहिरींवर कशाला वाटायचे? या तांड्याची रीतच आहे, दुःख ज्याच्या दारात, मदत त्याच्या दारात. लग्न असो, मयत असो, घरटी एक वाटी धान्य त्या दारात जाऊन पडतं. तसे यांनी घरटी एक कंडेन्सर आणून टांगले. ती उमरखेडहून यायच्या आत करू म्हणाले, तिला बरं वाटेल. आणि एवढं करून माया पुरी झाली नाही म्हणून नायकानं सगळ्यांना सांगितलं, आज कुणीही मोटार लावायची नाही, आजची सगळी लाइन देवसिंगची.

झालं. बैल एकही नाही आणि चाऱ्याचा डोंगर. मोटारी बंद, तारेवर ओझं नाही, टोकाला सगळे कंडेन्सर एकदम, व्होल्टेज चढत गेलं. आणि आत बूस्टरचा कान शेवटच्या नंबरावर. जमनी त्याच्यापाशीच बसली होती.

"बल्ब असा लागला याडी," ती नंतर रडत सांगत होती, "असा लख्ख लागला का साऱ्या खोलीत ऊन पडलं. आमी टाळ्या वाजवल्या. तुह्या मालकानंबी हात वर केला."

सगळ्यांनी तो उजेड बघितला आणि सगळ्यांना आनंद झाला. ज्या तांड्यात बल्ब कधी धड लागलाच नाही तिथं उजेडाला भ्यायचं असतं हे कुणाला माहीत असणार? मग बल्ब फुटला, मशीन धुरावलं. कुणीतरी लालीबाईला फोन लावला, तर तो उशाशीच वाजला. दवाखान्याची गाडी बोलावली, ती महागावहून निघाली होती. सुपानं वारा घालण्यापलीकडे काही उरलं नव्हतं.

मी खेमसिंगकडे वळलो. माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते इथं लिहिता येणार नाही. तो समोर उभा होता, हातात अजून पकड, आणि माझ्याकडे बघून विचारत होता, "मशीन काहून जळलं, संघदीप? लाइन तं लय चांगली येत व्हती." दारात लालीबाई येऊन उभी राहिली होती. तिनं भिंतीकडे बघितलं, कुंकू लावलेल्या डब्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि हळूच मान हलवली. नको. मी मेन बंद केली आणि निघून आलो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. संगीता मुकुटबनहून आली होती. लालीबाईच्या कानशिलांवर घुगऱ्या नव्हत्या. माणसं अंगणात बसली होती आणि बोलणं मशीनवर आलं होतं. एक म्हणाला, संस्थेचं फुकटचं मशीन, जुनंच दिलं असन. दुसरा म्हणाला, आतून सडलेलं व्हतं. खेमसिंगही हो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. आणि संगीता कपाळ बडवून घ्यायला लागली, "मीच आनलं थे मशीन. मीच मारलं माह्या बापाले." कुणी तिला आवरेना.

लालीबाई उठली. लेकीचे हात धरून खाली घेतले. मग नायकासमोर जाऊन बसली. तिचा आवाज चढला नाही, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेला.

"नायक, पोरीचं मशीन चांगलं व्हतं. माह्या माणसानं एक गोष्ट सांगतली व्हती, थे म्या त्या दिवशी बैठकीत सांगाची राह्यली. बैल नाही तिथं चाऱ्याचा ढीग लावला का आग लागते."

खेमसिंग तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान वळवून भिंतीकडे बघितलं. त्या थोराड माणसाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर ढासळला आणि मला इतके दिवस आलेला राग कुठं ठेवावा ते कळेना. तो तिच्या पायांवर डोकं टेकवायला वाकला, तर तिनं त्याचं डोकं हातांवर घेतलं. "तुमी आहेर आनला व्हता," ती म्हणाली, "आता आपापले घेऊन जा. आपापल्या मोटारीवर लावा."

मी पेटीवरून तारा सोडवल्या. एकेक जण पुढं आला आणि आपला डबा उचलून घेऊन गेला. उकंड्यानंही नेला, दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून. दिवसभर मी विहिरी-विहिरींवर फिरून ते बसवत होतो. खेमसिंग माझ्या मागं मागं होता, स्क्रू हातात देत होता. त्यानं तेव्हापासून कुणाच्या घरच्या तारेला हात लावलेला नाही.

आता त्या तांड्यातून माझ्याकडे मोटारी फारशा येत नाहीत. ऑटो गेले, कंडेन्सर आहेत, मोटारी पाळीनं चालतात. डीपी या वर्षी जळली नाही. गेल्या आठवड्यात त्या बाजूला गेलो होतो, म्हणून लालीबाईकडे डोकावलो. तिनं चहा टाकला. बूस्टर कोपऱ्यात कपड्याखाली झाकलेला, वर नवा बल्ब, पिवळाच. दुपारची थ्री फेज आली आणि शिवारात एकामागून एक मोटारी लागल्या. प्रत्येक मोटारीच्या आवाजाला तिचं बोलणं अर्ध्यात थांबायचं, नजर वर जायची आणि उजवा हात आपोआप बाजूला सरकायचा, जिथं कान असायचा तिथं. बल्ब जरासुद्धा हलत नव्हता.

"पाह्य भाऊ," ती म्हणाली, "कशी लाइन येते आता." मग चहा उतू गेला तरी ती तशीच वर बघत बसली होती.